रात्रीचा खोकला

संस्थेच्या अभ्यासिकेत जानेवारी महिन्यातील एका रविवारी केलेल्या भाषणाचा मजकूर



कार्यवाहांनी आम्हाला भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'रात्रीचा खोकला' असे सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. आमचीच प्रकृती बरी नसावी असे त्यांना वाटले. या व्यासपीठावरून दरवर्षी धम्म, संविधान, शिक्षण अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलतात. तेथे बँकेतल्या एका कारकुनाने उभे राहून खोकल्यावर बोलावे, हे थोडे विचित्र आहे खरे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत, पाली हा आमचा एक विषय होता. परंतु मागील तीन-चार वर्षांत घरात आणि या अभ्यासिकेत खोकल्याने आमची अशी परीक्षा घेतली की पुस्तके चाळावी लागली, डॉक्टरांना प्रश्न विचारावे लागले. त्या परीक्षेत आम्ही नापास झालो, हेही आज सांगायचे आहे.

सुरुवात दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तापासून करतो. कार्तिक पौर्णिमेची रात्र आहे. मगधाचा राजा अजातशत्रू जीवकाच्या सांगण्यावरून त्याच्या आंबराईत भगवंतांच्या दर्शनाला निघतो. आंबराई जवळ येते तसा राजा घाबरतो, त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. तो जीवकाला विचारतो की तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना? येथे साडेबाराशे भिक्खू आहेत म्हणतोस, मग शिंकेचा नाही, खोकल्याचा नाही, कसलाच आवाज कसा येत नाही? बापाला मारून गादीवर बसलेला हा राजा. त्याला शांततेचे भय वाटणारच. आम्ही येथे एवढेच लक्षात घेऊ की अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा रात्रीच्या वेळी माणसांचा जमाव म्हटला की त्यात कोणीतरी खोकणारच, हे राजापासून सर्वांनी गृहीत धरलेले होते.

मज्झिमनिकायातील महासकुलुदायि सुत्तात दुसरा प्रसंग आहे. भगवान शेकडो लोकांपुढे उपदेश करीत आहेत. एक शिष्य खोकतो. शेजारचा त्याला गुडघ्याने हळूच ढोसतो, आवाज करू नका, शास्ता धम्म सांगत आहेत, असे सुचवतो. सभेतील शिस्त कशी होती हे सांगण्यासाठी तो प्रसंग आलेला आहे आणि आम्ही तो अनेकदा कौतुकाने सांगितलेला आहे. आता मात्र सांगताना तो गुडघा आम्हाला आमचाच वाटतो.

त्याचे असे झाले. आपली अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा रोज येत असे. बाहेरच्या जिल्ह्यातला, तीन मुलांबरोबर एका खोलीत राहणारा. त्याच्या परवानगीने सांगतो आहे, नाव सांगणार नाही. तो खोकत असे. दिवसा कमी, पण रात्री आठ-नऊनंतर त्याला उबळ आली की थांबत नसे. आजूबाजूची मुले मान वर करून पाहत. तक्रारी आल्या. व्यवस्था आमच्याकडे होती म्हणून आम्ही त्याच्याशी बोललो, फार गोड शब्दांत बोललो. 'बेटा, बरे वाटेपर्यंत थोडे दिवस बाहेर व्हरांड्यात बसत जा.' त्याने मान हलवली. दोन दिवस व्हरांड्यात बसला, तिसऱ्या दिवसापासून आला नाही. खोकला किती दिवसांपासून आहे, हा एक प्रश्न आम्ही त्याला विचारला नाही. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

आधी मूळ प्रश्न घेऊ. खोकला रात्रीच का वाढतो?

खोकला हा रोग नव्हे, ती शरीराची राखण आहे. घशात, स्वरयंत्रात आणि श्वासनलिकेत, विशेषतः जेथे तिला दोन फाटे फुटतात तेथे, संवेदना टिपणारी मज्जातंतूंची टोके असतात. धूळ, कफ, आम्ल, धूर असे काही लागले की तेथून मेंदूच्या तळाकडे संदेश जातो. मग आपण खोल श्वास घेतो, स्वरयंत्र बंद होते, छाती व पोटाचे स्नायू आवळतात आणि झाकण एकदम उघडून हवा जोराने बाहेर पडते.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून आपणांस नवल वाटेल. चोवीस तास खोकल्याचा आवाज नोंदवणारी यंत्रे रोग्यांच्या अंगावर बांधून मोजणी झालेली आहे. जुनाट खोकल्याचे बहुतेक रोगी प्रत्यक्षात दिवसाच जास्त खोकतात. गाढ झोपेत खोकल्याची प्रतिक्रिया दबलेली असते. माणूस आधी थोडा जागा होतो आणि मग खोकतो. मग घरोघरी 'रात्री वाढतो' असे का म्हणतात? एक कारण सरळ आहे. दिवसा रहदारी, टीव्ही, शेजार, काम यांत खोकला बुडून जातो, रात्री तो एकटाच ऐकू येतो. शिवाय दिवसा खोकल्याने काही बिघडत नाही, रात्री त्याने रोग्याची झोप मोडते आणि त्याच्याबरोबर घराचीही.

पण एवढ्यावर 'सगळा भास आहे' असे म्हणून मोकळे होता येत नाही. काही खोकले खरोखरच रात्रीचे असतात, आणि तेच ओळखायला शिकायचे आहे.

उभ्या माणसाच्या नाकातला शेंब आणि सायनसमधला स्राव नकळत गिळला जातो. आडवे झाले की तो घशाच्या मागच्या भागात साचतो आणि तेथून खाली ठिबकतो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ वर ढकलण्याचे काम दिवसभर करतात. झोपेत त्यांचे काम मंदावते. म्हणून रात्री कफ साठतो आणि पहाटे उठल्यावर एकदम बेडका सुटतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा तो सकाळचा खोकला सगळ्या मोहल्ल्याला पाठ असतो.

दुसरे कारण पोटातले. जेवल्याबरोबर आडवे झाले की जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येते. जागेपणी आपण सतत थुंकी गिळतो, तिने आम्ल धुतले जाते. झोपेत गिळणे फार कमी होते, त्यामुळे आम्ल तेथेच राहते आणि घशाला डिवचते. छातीत जळजळ न होतासुद्धा नुसता कोरडा खोकला यामुळे येऊ शकतो. आपल्या नागपुरात रात्री अकराला सावजीचा रस्सा ओरपून बाराला गादीवर पडणारे कितीतरी रसिक आहेत, त्यांनी खोकल्यासाठी घसा तपासण्यापूर्वी घड्याळ तपासावे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे, पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा द्याव्यात. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते आणि आम्ल आणखी वर येते. भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, आणि तसे राहिल्याने आजार कमी होतात, शरीर हलके वाटते, असे भगवंतांनी स्वतःचा अनुभव म्हणून सांगितलेले आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.

तिसरे कारण दमा. आपल्या शरीराला स्वतःचे घड्याळ आहे. सूज दाबून ठेवणारे कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि पहाटे चारच्या आसपास श्वासनलिका सर्वांत अरुंद झालेल्या असतात. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. दमेकऱ्याला मात्र नेमकी दोन ते चारच्या दरम्यान धाप लागते, छातीत सूं-सूं वाजते. कधी धाप न लागता फक्त खोकला येतो, तो दमाच आहे हे वर्षानुवर्षे कळत नाही. अशा मुलांना इनहेलर दिला की घरातले म्हणतात, 'याची सवय लागेल.' सवय लागत नाही. त्यात औषध थोडे लागते आणि ते जेथे जायला पाहिजे तेथेच जाते.

त्यातच आपली झोपायची खोली. नागपूरची थंडी म्हणजे काय ते बाहेरच्यांना खरे वाटत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री आपण दारे-खिडक्या बंद करतो, वर्षभर पेटीत राहिलेल्या रजया आणि गोधड्या ऊन न दाखवताच अंगावर घेतो आणि कोपऱ्यात डासांची कॉइल पेटवतो. अंथरुणाच्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांनी दमा चेतवला जातो. आणि कॉइलविषयी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन व मलेशियातील कॉइल जाळून पाहिल्या होत्या, तेव्हा एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. घरात कोणी विडी ओढली तर आपण रागावतो आणि रात्रभर बाळाच्या उशाशी कॉइल लावतो. मच्छरदाणी जुनी झाली म्हणून टाकून देणाऱ्यांनी याचा विचार करावा. कोणाकडे कोळशाची शेगडी आत घेऊन झोपण्याची पद्धत अजून असेल तर ती आजच बंद करावी. तेथे प्रश्न खोकल्याचा राहत नाही, जीव जातो. उन्हाळ्यात हीच तऱ्हा कूलरच्या कुबट गवताची. ते दर मोसमात बदलले पाहिजे.

आता आमच्या घरची गोष्ट. आम्ही मूळचे कामठीचे. आमच्या मायने तरुणपणी सूप मांडीवर घेऊन पुष्कळ वर्षे विड्या वळल्या. घरात तेंदूपत्त्याचा आणि तंबाखूचा वास असे, त्यामुळे ती खोकली तर कोणाला विशेष वाटत नसे. 'विडीवालीचा खोकला' म्हणून तो जमेस धरलेला होता. चार वर्षांपूर्वी तिचा खोकला रात्री वाढला. आम्ही अडुळसा दिला, सुंठ-मध दिला, हळदीचे दूध दिले, दुकानातून बाटली आणली, ती संपल्यावर दुसरी आणली. दोन महिने गेले. मायने स्वतःच एक उपाय काढला होता, ती एकीवर एक उशा घेऊन जवळपास बसूनच झोपत असे. आम्ही त्यावर तिची थट्टाही केली.

शेवटी डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोप लावण्याआधी विचारले, 'आजी, किती उशा घेता?' आम्हाला हसू आले. त्यांना आले नाही. पुढे विचारले की आडवे झाल्यावर किती वेळाने खोकला येतो, उठून बसल्यावर थांबतो का, संध्याकाळी पाय सुजतात का, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे. आम्ही बँकेत पैशापैशाचा हिशेब ठेवणारे. या पाच प्रश्नांतील एकाचेही उत्तर आमच्याकडे नव्हते. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि तेवढ्या दिवसांत वहीत नोंद करायला सांगितले. आठ रात्री आम्ही आणि आमच्या सौभाग्यवतींनी पाळीपाळीने जागून नोंद केली. वहीत चित्र स्पष्ट उमटले. आडवी झाली की वीस-पंचवीस मिनिटांत खोकला, मग धाप, उठून खिडकीपाशी बसली की आराम. पुन्हा एक-दीडच्या सुमारास तेच.

मायचे हृदय अशक्त झाले होते. दिवसा पायांत आणि पोटात साचून राहिलेले रक्त आडवे झाल्यावर छातीकडे परत येते. हृदयाची डावी बाजू ते पुढे ढकलू शकली नाही तर फुप्फुसांत दाब वाढून पाणी झिरपते. ते पाणी बाहेर काढण्यासाठी बिचारी फुप्फुसे खोकत होती आणि आम्ही त्यांना बाटलीने गप्प करीत होतो. लघवी वाढवणारी गोळी आणि इतर औषधे सुरू झाली, मीठ कमी झाले, आणि दहा दिवसांत माय एका उशीवर झोपू लागली. आजही ती आहे, आणि थट्टेची परतफेड करण्याची संधी सोडत नाही.

रक्तदाबाच्या गोळीचा प्रश्न डॉक्टरांनी उगीच विचारला नव्हता. एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशी 'प्रिल'ने संपणारी नावे असलेल्या गोळ्यांनी काहीजणांना कोरडा खोकला लागतो. तसे वाटल्यास डॉक्टरांना सांगावे, ते गोळी बदलून देतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

बाटलीचा विषय निघाला आहे तर ज्या घरात लहान मुले आहेत त्यांनी पुढचे नीट ऐकावे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील, मुख्यतः परासिया भागातील मुले मूत्रपिंडे निकामी होऊन आजारी पडली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. वीसहून अधिक मुले दगावली. सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या एका सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघाले. ते कारखान्यात वापरायचे रसायन आहे, माणसाच्या पोटात जायचे नाही. त्या आईबापांनी काय चूक केली होती? मूल रात्री खोकत होते, झोपत नव्हते, म्हणून त्यांनी औषध दिले. कोणत्याही आईने तेच केले असते. दोष औषध बनवणाऱ्यांचा आणि ते न तपासणाऱ्यांचा. परंतु त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने जी सूचना काढली ती आपल्यासाठी आहे: दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. मुलांचा बहुतेक खोकला विषाणूचा असतो, तो आपोआप जातो. पाणी, अंगावरचे दूध, नाक मोकळे ठेवणे एवढ्यावर भागते. श्वास जोरात चालला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, दूध पिणे थांबले, ओठ निळसर दिसले तर मात्र सकाळची वाट पाहू नये.

एक वर्षावरील मुलाला झोपताना चमचाभर मध दिला तर रात्रीचा खोकला थोडा कमी होतो, हे अलीकडच्या चाचण्यांतही दिसून आले आहे. महावग्गात शरद ऋतूत आजारी पडणाऱ्या भिक्खूंना भगवंतांनी पाच भेसज्जांची परवानगी दिली: तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. त्यांतले मध असे आजही उपयोगी पडते. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध बोटावरसुद्धा देऊ नये. त्यातील जंतूंचे बीज बाळाच्या आतड्यात वाढून विषबाधा होते. बाळाला जन्मल्याबरोबर मध चाटवण्याची आपल्याकडील रीत येथे उपयोगाची नाही, घातकच आहे.

आता त्या खोकल्याकडे येतो, ज्याचे नाव आपल्या वस्त्यांत अजूनही हळू आवाजात घेतात.

१२ जानेवारी हा बाबू हरदास एल. एन. यांचा स्मृतिदिन. आज आपण एकमेकांना जे 'जयभीम' घातले, ते अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या या तरुणाला दिले जाते. ६ जानेवारी १९०४ रोजी जन्म. कामठीत त्यांनी रात्रशाळा चालवली, संत चोखामेळ्याच्या नावाने ग्रंथालय उघडले, विडी कामगारांची संघटना बांधली, १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाकडून नागपूर-कामठीतून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात गेले. आणि १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने वारले. वय अवघे पस्तीस. आम्ही कामठीत वाढलो, लहानपणापासून त्यांच्या नावाच्या घोषणा दिल्या, पण पस्तीस म्हणजे किती कमी, हे आम्ही स्वतः चाळिशी ओलांडल्यावर लक्षात आले.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवला होता. परंतु त्याला मारणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ साली. म्हणजे हरदासांच्या वेळी शत्रू दिसत होता आणि हातात शस्त्र नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढेच उपचार, आणि विडी कामगारांमध्ये फिरणाऱ्या कार्यकर्त्याला यांतले कोणते मिळणार होते? पुढे १९५९ साली मद्रासच्या केंद्राने सिद्ध करून दाखवले की रोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवले काय किंवा घरी ठेवून नियमित औषधे दिली काय, गुण सारखाच येतो. सगळ्या जगाने ते मान्य केले. आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणीपासून गोळ्यांपर्यंत सर्व मोफत आहे.

क्षयाचा खोकला रात्रीचाच असतो असे नाही. रात्री दिसतो तो घाम, अंथरूण भिजवणारा. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, भूक मरणे, कधी थुंकीत रक्त. पण या सर्वांची वाट पाहू नये. नियम एकच आहे, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की थुंकी तपासायची. दिवसाचा असो की रात्रीचा, कोरडा असो की ओला.

उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेत रोग्याच्या खात्यात पूर्वी महिन्याला ५०० रुपये येत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. खाते उघडायला, आधार जोडायला लोक आमच्यासारख्यांच्या काउंटरवर येतात. घरकुलाच्या पैशासाठी आलेला माणूस मोठ्याने बोलतो. या पैशासाठी आलेला आधी मागे वळून पाहतो, मग काचेच्या भोकाजवळ तोंड आणून बोलतो. मुलीचे लग्न मोडेल, घरमालक खोली खाली करायला सांगेल, कामावरून काढतील. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण आम्हीच एका मुलाला व्हरांड्यात बसवले होते.

तो मुलगा येईनासा झाल्यावर सहा-सात आठवड्यांनी त्याच्याच शेजारी बसणाऱ्या एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, 'सर, तो कुठे गेला, कोणी पाहिले का?' आम्ही खोलीचा पत्ता शोधून गेलो. सोबत्यांची रात्री झोप मोडते म्हणून तो थंडीत बाहेरच्या गॅलरीत झोपत होता. अंगावरचे कपडे सैल झाले होते. खोकला किती दिवसांचा, हे आम्ही तेव्हा विचारले. दिवाळीपासूनचा, म्हणाला. म्हणजे आम्ही त्याला व्हरांड्यात पाठवले तेव्हाच महिना उलटून गेला होता.

महावग्गातली गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला होता. भगवंत आणि आनंद यांनी त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. त्या गोष्टीतला जो भाग आपण सहसा सांगत नाही तो असा की भगवंतांनी इतर भिक्खूंना बोलावून विचारले, याची कोणी सेवा का केली नाही? उत्तर आले की तो भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. आम्ही तर त्या मुलाविषयी तेवढेही कारण देऊ शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. थुंकीत जंतू निघाले. त्याच्या तिन्ही सोबत्यांची तपासणी झाली. आपल्या अभ्यासिकेत त्याच्या आजूबाजूला बसणाऱ्यांचीही झाली. काहींच्या पालकांनी आम्हाला फोनवर बरेच सुनावले आणि आम्ही ऐकून घेतले. औषधे नियमित सुरू झाली की काही आठवड्यांत रोगी इतरांना लागण देण्याजोगा राहत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो परत आला. सहा महिन्यांचा उपचार त्याने पुरा केला. त्या वर्षीची परीक्षा मात्र त्याची बुडाली, ते वर्ष कोणाला परत करता येणार नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे की घरात कोणी रात्री खोकत असेल तर गप्प करण्याच्या आधी नोंद करा. किती दिवसांपासून, किती वाजता, आडवे झाल्यावर लगेच की पहाटे, बसल्यावर थांबतो का, बेडका पडतो का, कसल्या रंगाचा, ताप, घाम, पाय सुजणे, कोणत्या गोळ्या चालू आहेत. खोकणाऱ्याला यांतले अर्धे माहीत नसते, कारण तो अर्धवट झोपेत असतो. शेजारी झोपणाराच खरा साक्षीदार. दहा रुपयांच्या वहीत हे बसते, आणि डॉक्टरांपुढे ती वही ठेवली की त्यांचा आणि तुमचा वेळ वाचतो.

अभ्यासिकेत आता आम्ही दोन बदल केले आहेत. थंडीतसुद्धा समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहतात. ज्यांना गारठा वाटतो त्यांनी स्वेटर घालून यावे, तक्रार घेतली जाणार नाही. आणि 'शांतता राखा' ही जुनी पाटी आहे तेथेच आहे, पण तिच्या खाली एक कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिले आहे की दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असल्यास थुंकी तपासणी मोफत होते आणि सोबत कोणी यावे असे वाटत असेल तर व्यवस्थापकास सांगावे. मागच्या वर्षभरात पाचजणांनी सांगितले. चौघांचे काही निघाले नाही. पाचव्याला दमा होता, तो येथेच मागच्या रांगेत बसलेला आहे आणि इनहेलर खिशात असल्याचे मघाशीच त्याने आम्हाला दाखवले.

 प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारावेत. जयभीम, नमो बुद्धाय.